स्वतःस हलकें लेखणें आणि प्रीति : चारुदत्त व वसंतसेना यांच्या कथेवरून एक पाठ

आमच्या खेडोपाडींच्या वाचकांस आज आम्ही एका नाटकांतील जोडप्याची गोष्ट सांगणार आहों. नाटकाचें नांव काढतांच कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्या नाटकाची नायिका गणिका आहे हें ऐकून त्या आठ्या आणखी वाढतील. त्यांस आमची इतकीच विनंति आहे कीं, पाठ शेवटपर्यंत वाचावा व मग काय तो न्याय करावा. कारण ज्या दुखण्याविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे तें पुष्कळ घरांत आहे, परंतु त्यास कोणी नांव देत नाहीं. तें दुखणें म्हणजे स्वतःस हलकें लेखणें. अलीकडे ह्यास न्यूनगंड असा शब्द रूढ झाला आहे.

जो मनुष्य स्वतःस कवडीमोल समजतो, त्यावर कोणी प्रीति केली असतां तो ती घ्यावयास भितो. घेतलीच तर तिचा हिशेब मांडीत बसतो. आणि कधीं कधीं ती खरी कीं खोटी हें पाहण्याच्या भरांत ती मोडूनही टाकतो. वरून पाहणारास ही नम्रता वाटते. ती नम्रता नव्हे, हेंच ह्या पाठांत दाखवावयाचें आहे.

नाटककार व नाटक

सांगलीहून कृष्णेच्या कांठानें थोडें खालीं गेलें म्हणजे हरिपूर लागतें. तेथें वारणा कृष्णेस मिळते. ह्या गांवीं सन १८५५ मध्यें गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. त्याच्या बारा वर्षे आधीं, सन १८४३ मध्यें, विष्णुदास भावे यांनीं सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें 'सीतास्वयंवर' हा खेळ केला होता, व तेथूनच मराठी रंगभूमीचा आरंभ धरितात. देवलांनीं सात नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं 'शारदा' (१८९९) हें एकच सर्वस्वी स्वतंत्र. बाकीचीं सहा संस्कृत किंवा इंग्रजी ग्रंथांच्या आधारें रचिलेलीं आहेत. सन १८८७ मधील 'मृच्छकटिक' हें त्यांतलेंच एक. शूद्रक कवीच्या दहा अंकी संस्कृत नाटकावरून तें घेतलें आहे. मृत् म्हणजे माती, आणि शकटिका म्हणजे लहान गाडी. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. एवढ्या थोर नाटकास एका लेंकराच्या खेळण्याचें नांव कां दिलें, हें पुढें कळेल. कथाभाग आम्ही मूळ संस्कृत नाटकाप्रमाणें देत आहों.

कथाभाग : अंधारांतील दोघें

उज्जयिनी नगरांत चारुदत्त नांवाचा एक ब्राह्मण राहत असे. व्यापारानें त्याचें घर एके काळीं भरलेलें होतें; परंतु मागणारास नाहीं म्हणणें त्यास ठाऊक नव्हतें, आणि देतां देतां तें घर रितें झालें. आतां घरीं पत्नी धूता, लहान मुलगा रोहसेन, एक दासी, आणि मैत्रेय नांवाचा जिवाभावाचा मित्र एवढींच माणसें उरलीं. चारुदत्तास पैसा गेल्याचें दुःख फारसें नव्हतें. ओळखीचे लोक आतां दारावरून परभारें जातात, ह्याचें दुःख त्यास जाळीत होतें.

त्याच नगरांत वसंतसेना नांवाची गणिका होती. तिच्याजवळ धन अपार होतें, परंतु तिच्या जन्माच्या धंद्यामुळें कुलीन घराचा दरवाजा तिला बंद होता. चारुदत्ताचे गुण पाहून तिचें मन त्याजवर जडलें होतें. राजाचा मेहुणा शकार हा एक उर्मट व मूर्ख मनुष्य तिच्या मागें लागला होता. एके रात्रीं त्याच्यापासून पळत असतां अंधारांत ती चारुदत्ताच्या घरांत शिरली. दिवा नव्हता. चारुदत्तास वाटलें, ही आपली दासीच आली आहे. त्यानें आपलें उपरणें तिच्याकडे दिलें आणि थंडीनें कुडकुडणाऱ्या मुलास तें पांघरून आंत नेण्यास सांगितलें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ती उपरणें घेऊन उभीच राहिली. आंत पाऊल टाकावें अशी आपली योग्यता नाहीं, असें तिच्या मनांत आलें. तिकडे चारुदत्तास वाटलें, दारिद्र्य आलें म्हणजे घरची दासीदेखील ऐकत नाहीं! एकाच अंधारांत, चार हातांच्या अंतरावर, दोघें उभीं आहेत. तो म्हणतो, माझ्याजवळ पैसा नाहीं म्हणून मी कोणी नाहीं. ती म्हणते, माझ्याजवळ कुळ नाहीं म्हणून मी कोणी नाहीं. दोघांचें एकमेकांवर प्रेम आहे, आणि दोघेंही तें प्रेम उंबरठ्याबाहेर उभें करून ठेवीत आहेत.

ठेव कोणापाशीं ठेवतात?

ओळख पटल्यावर दोघांनीं एकमेकांची क्षमा मागितली. निघतांना वसंतसेनेनें आपले अलंकार त्याच घरीं ठेवावे अशी इच्छा दर्शविली. चोरांचें निमित्त पुढें केलें. चारुदत्त म्हणाला कीं, हें घर ठेव ठेवण्याजोगें राहिलें नाहीं. त्यावर तिनें दिलेल्या उत्तराचा भाव असा कीं, ठेव ठेवणारा मनुष्य भिंतींकडे पाहत नाहीं, ज्याच्या हातीं ठेव द्यावयाची त्याच्याकडे पाहतो.

आमच्या मतें सगळ्या पाठाचें बीज ह्या उत्तरांत आहे. चारुदत्त आपल्या भिंती मोजीत होता. ती त्याचें मन मोजीत होती. आतां विचार करा : जो मनुष्य 'मी ठेवीस योग्य नाहीं' असें म्हणतो, तो केवळ स्वतःविषयीं बोलतो काय? नाहीं. ठेवणाऱ्याचीही पारख खोटी आहे, असें तो न कळत म्हणत असतो. कोणी आपणांवर प्रीति करितो तेव्हां तोही एक ठेव आपल्या हातीं देतो. ती परत लोटून देणें ह्यांत विनय असेलही. पण त्यांत देणाऱ्याचा अपमान आहे.

एक खोटें आणि त्याची किंमत

ती ठेव एके रात्रीं चोरीस गेली. शर्विलक नांवाच्या ब्राह्मणानें भिंतीस भोंक पाडून ती नेली. हा वेद पढलेल्या घरचा मुलगा. परंतु वसंतसेनेची दासी मदनिका हिजवर त्याचें प्रेम होतें, व तिला दास्यांतून सोडविण्यास पैसा हवा होता. रिकाम्या हातीं तिच्यापुढें जाण्यापेक्षां चोर होऊन जाणें त्यास बरें वाटलें. मदनिकेनें ते दागिने ओळखले मात्र, आणि ती भयानें अर्धमेली झाली. तिला दागिने नको होते. तिला तो चांगला माणूस म्हणून हवा होता. तिनेंच त्यास ते परत करावयास लाविलें, आणि आडून सर्व ऐकणाऱ्या वसंतसेनेनें एक पैसाही न घेतां तिला मुक्त करून त्याच्या स्वाधीन केलें.

इकडे चारुदत्तानें काय केलें? चोरी झाली हें खरें होतें, तें सांगावयाचें होतें. परंतु दरिद्री माणसाचें कोण खरें मानील, हाच विचार त्याच्या मनांत घोळला. त्याच्या पत्नीनें, धूतेनें, तो विचार ओळखला. तिच्यापाशीं माहेरची एक रत्नमाला उरली होती. नवऱ्यास बायकोचें धन घेण्याची लाज वाटेल म्हणून तिनें ती व्रताचें दान ह्या निमित्तानें मैत्रेयाच्या हातीं दिली. चारुदत्तानें ती वसंतसेनेकडे धाडली, आणि निरोप दिला कीं, तुमचे दागिने मीं जुगारांत घालविले.

पाहा, हा केवढा चमत्कार! आपली अब्रू जाऊं नये म्हणून मनुष्य स्वतःस जुगारी म्हणवितो. जो स्वतःस हलकें लेखतो त्यास आपलें खरें बोलणेंही हलकें वाटूं लागतें; आपल्या सत्याचा शिक्का चालणार नाहीं असें त्यास वाटतें, म्हणून तो खोटें नाणें काढतो. वसंतसेनेस दागिने आधींच परत मिळाले होते, म्हणून हें खोटें तिनें लगेच ओळखलें. पण ती रागावली नाहीं. भर पावसांत, विजा कडकडत असतां, ती स्वतः त्याच्या घरीं गेली, आणि हंसत हंसत सर्व उलगडा केला.

मातीची गाडी

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें धूतेकडे रत्नमाला परत पाठविली. धूतेनें ती घेतली नाहीं. तेवढ्यांत रोहसेन रडत आला. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी त्यानें पाहिली होती, आणि दासीनें त्यास मातीची गाडी करून दिली होती. ती त्यास नको होती. वसंतसेनेनें त्यास जवळ बोलाविलें. दासी म्हणाली, ही तुझी आई. मूल म्हणालें, ही आई कशी असेल? हिच्या अंगावर तर दागिने आहेत!

त्या लेंकराच्या शब्दानें तिच्या डोळ्यांत पाणी आलें. तिनें अंगावरील दागिने उतरून मातीच्या गाडींत भरले, आणि ह्यांची सोन्याची गाडी कर असें त्यास सांगितलें. नाटकाचें नांव ह्या प्रसंगावरून पडलें आहे. दागिने हें तिच्या धंद्याचें भूषण होतें आणि तीच तिची बेडीही होती. उंबरठ्यावर भीत उभी असलेली स्त्री येथें आंत आली. ती आपणांस कमी समजून हें देत नव्हती. एका मुलाची आई होण्याइतकी आपली योग्यता आहे, हें प्रथमच मान्य करून ती देत होती.

न्यायसभेंतील मौन

पुढें गाड्यांच्या अदलाबदलीनें ती शकाराच्या हातीं सांपडली. त्यानें धन दाखविलें, धाक घातला. ती म्हणाली, नाहीं. त्यानें तिचा गळा दाबला, व ती मेली असें समजून पाल्यापाचोळ्याखालीं टाकून तो निघून गेला. नंतर तोच न्यायसभेंत गेला आणि चारुदत्तानें दागिन्यांसाठीं तिचा खून केला अशी फिर्याद त्यानें दिली.

न्यायाधीश चारुदत्तास ओळखून होता. त्यास त्याचा दोष खरा वाटत नव्हता. त्यानें विचारिलें, वसंतसेनेशीं तुझी मैत्री आहे काय? चारुदत्त लाजला. उत्तर देतां देतां अडखळला. ज्या स्त्रीनें मरणाच्या दारांतही त्याचें नांव सोडलें नव्हतें, तिचें नांव चार लोकांत घेण्यास त्याची जीभ उचलेना. एवढ्यांत मैत्रेय आला. गाडींत घातलेले दागिने परत करण्यासाठीं तो ते घेऊन निघाला होता. शकाराशीं झालेल्या झटापटींत ते त्याच्यापासून खालीं पडले. आईच्या मायेनें दिलेली वस्तु पुरावा होऊन समोर आली. चारुदत्तानें अर्धवट उत्तरें दिलीं, आणि शेवटीं, वसंतसेनाच नाहीं तर जगून काय करावयाचें, असें मनाशीं म्हणून तो गप्प बसला. राजानें त्यास देहान्त शिक्षा दिली.

लोक म्हणतील, केवढी ही निष्ठा! आम्ही म्हणतों, हें निष्ठेचें काम नव्हे. निष्ठा असती तर त्यानें प्रथमच मोकळ्या गळ्यानें सांगितलें असतें कीं, होय, ती माझी आहे, आणि मीं तिला मारिलें नाहीं. मुलगा घरीं वाट पाहत होता, पत्नी होती, मित्र होता. ह्या तिघांच्या प्रीतीची ठेव त्याच्यापाशीं होती, आणि आपला जीव कवडीमोल समजून तो ती बुडवावयास निघाला होता.

सुदैवानें वसंतसेना मेली नव्हती. पूर्वीं तिनेंच जुगाराच्या कर्जांतून सोडविलेला एक मनुष्य बौद्ध भिक्षु झाला होता. त्यानें तिला शुद्धीवर आणिलें. ती धांवत वधस्तंभापाशीं आली. त्याच वेळीं राज्यही पालटलें, आणि नव्या राजानें तिला वधू हें नांव दिलें. चारुदत्त सुटला, व त्यानें शकारास क्षमा केली.

धूतेविषयीं

आमचे वाचक विचारतील, ह्या सर्वांत बिचाऱ्या धूतेच्या वांट्यास काय आलें? प्रश्न रास्त आहे, आणि त्यास नाटकांत पुरतें उत्तर नाहीं. एका पुरुषास दोन स्त्रिया हें त्या काळच्या समाजास खपत होतें. आम्ही तें अनुकरणीय म्हणत नाहीं. परंतु ज्या नाजुकपणानें तिनें नवऱ्याची लाज राखली तो अनुकरणीय आहे. शेवटच्या अंकांत मात्र, नवरा मारला जाणार असें ऐकून, ती लहान मुलास मागें टाकून अग्नींत शिरावयास निघते. तेथें आम्हांस थांबावें लागतें. 'मी कांहीं नाहीं, तोच सर्व' असें म्हणणारी भक्ति कोठें जाऊन पोंचते, हें तेथें दिसतें. सतीची चाल सन १८२९ मध्यें बंगाल इलाख्यांत व पुढच्या वर्षीं मुंबई आणि मद्रास इलाख्यांत कायद्यानें बंद झाली. परंतु चुलीपाशीं बसून रोज थोडें थोडें स्वतःस जाळणाऱ्या स्त्रियांसाठीं कोणता कायदा करावा?

आपल्या घरांत हें दुखणें कसें दिसतें

ह्या दुखण्याचीं तीन लक्षणें आम्हीं पाहिलीं आहेत.

पहिलें, लपविणें. ऊस जळाला, द्राक्षांचा भाव पडला, सोसायटीचें कर्ज थकलें. नवरा घरीं सांगत नाहीं. बायको काय म्हणेल ही भीति. मग कोणी बाहेर जेवून आलों म्हणतो, कोणी पैसे मित्रास उसने दिले म्हणतो. चारुदत्ताचा जुगार तो हाच. बायकोपाशीं कदाचित् रत्नमाला नसेल, परंतु दुःख वांटून घेण्याची तयारी असते; तिला ती संधिच मिळत नाहीं.

दुसरें, संशय. देवलांनीं सन १८९० मध्यें शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' हें नाटक लिहिलें. मूळ नाटकांतील सेनापति रणांत कोणास भीत नाहीं. परंतु एक दुष्ट मनुष्य कानाशीं लागतांच तो आपला काळा रंग, आपलें उतरतें वय, आपलें ओबडधोबड बोलणें मोजूं लागतो, आणि मनाशीं ठरवितो कीं, अशा मजवर हिचें प्रेम असणें शक्यच नाहीं. त्या निष्पाप स्त्रीचा जीव ह्या हिशेबानें घेतला. दुष्टानें फक्त आंकडे पुरविले. त्याच देवलांनीं संशयाचा हा रोग हंसण्यावारीही दाखविला आहे. 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हें गद्य नाटक सन १८९३ चें. पुढें त्यांच्या मृत्यूच्या वर्षीं, १९१६ मध्यें, तें 'संशयकल्लोळ' ह्या नांवानें संगीत होऊन रंगभूमीवर आलें. त्यांत नवराबायको एका तसबिरीपायीं एकमेकांच्या मागें लागतात, आणि प्रेक्षक पोट धरून हंसतात. आज तसबिरीची जागा मोबाईलनें घेतली आहे. बायको निजली म्हणजे तिचा मोबाईल चाळून पाहणाऱ्या तरुणांनो, तुम्ही तिची परीक्षा घेत नाहीं. 'मी प्रीतीस योग्य नाहीं' हें स्वतःचें मत खरें करून घेण्यासाठीं पुरावा शोधीत आहां.

तिसरें, स्वतःस पुसून टाकणें. हें बहुधा बायकांत दिसतें. सर्वांचें जेवण झाल्यावर उरलें तर जेवावें. ताप अंगावर काढावा. कोणी विचारिलें तर 'माझें काय एवढें' म्हणावें. ह्यास लोक पातिव्रत्य म्हणतात. ज्या घरांत मुली हें पाहत वाढतात, त्या घरांत आईचें दुखणें मुलीस वारशानें मिळतें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें होतें. हात पसरून दूर उभें राहावें, वरून टाकलेलें घ्यावें, सांवली पडूं देऊं नये, असें पिढ्यान् पिढ्या शिकविलें गेलें. सन १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता मोडीत काढली. पण उंबरठ्याशीं थबकण्याची संवय पायांतून लवकर जात नाहीं. शिकलेल्या सुनेपुढें बोलतांना सासरा चांचरतो. शहरांतील मुलगी सांगून आली म्हणजे मुलगा म्हणतो, ती मला काय पाहून होकार देईल? वसंतसेना उपरणें हातीं घेऊन उभी होती तें हेंच. तिला कमी लेखणारें जग बाहेर होतें हें खरें. परंतु त्या क्षणीं तिला अडविणारा दुसरा कोणी नव्हता.

साताऱ्यांतील एक उदाहरण

मग द्यावें तरी केव्हां, आणि तें देणें खरें कसें ओळखावें? ह्यासाठीं कल्पित कथेंतून बाहेर येऊन आपल्याच मुलखाकडे पाहूं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं सन १९१९ मध्यें कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्यें तिचें ठाणें साताऱ्यास आणिलें. तेथील वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एकत्र जेवत. पैशाची तंगी नित्याची. अशा वेळीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या पोटासाठीं अंगावरील दागिने एकामागून एक दिले, आणि शेवटीं मंगळसूत्रही दिलें. सन १९३० मध्यें त्या वारल्या.

सवाष्ण स्त्रीनें मंगळसूत्र काढून देणें म्हणजे काय, हें आपल्याकडे सांगावयास नको. ज्या स्त्रीस आपली किंमत त्या सोन्यांत आहे असें वाटतें, तिच्या हातून तें सुटत नाहीं. आणि जिला आपली किंमतच नाहीं असें वाटतें, ती दुसऱ्याच्या भयानें देते व मागें कुढत राहते. लक्ष्मीबाईंचें देणें ह्या दोहोंहून वेगळें होतें. त्या मुलांच्या आई होत्या, आणि आईचें मोल दागिन्यानें वाढत नाहीं कीं घटत नाहीं. रोहसेन अजाणतां जें बोलला तें साताऱ्याच्या वसतिगृहांत असें खरें झालें.

ह्यावरून कसोटी अशी निघते : देतांना मनुष्य लहान होत असेल तर तें देणें तपासून पाहावें, देतांना तो मोठा होत असेल तर तें देणें प्रीतीचें आहे.

पेवाचा दृष्टांत

आतां पुन्हां देवलांच्या हरिपुरास जाऊं. तेथील जमिनींत हळद सांठविण्याचीं पेवें आहेत. तोंड अरुंद, आंत पोट मोठें. हळद भरून तोंड बंद करितात आणि वर माती लोटतात. वरून चालणारास खालीं कांहीं आहे असें वाटतही नाहीं. परंतु सांगलीच्या पेठेंतील माल पुष्कळ काळ असा जमिनीच्या पोटांत राहत आला आहे. ज्यानें ठेविला त्यानें मातीचें रूप पाहिलें नाहीं, तिचा गुण पाहिला. सन २००५ च्या महापुरांत पुष्कळ पेवांत पाणी शिरलें, व आंतील हळद नासली. पेवाचा शत्रु चोर नव्हे, ओल होय.

माणसाच्या मनाचेंही असेंच आहे. दुसऱ्यानें ठेविलेली प्रीति आंत सुरक्षित असते; तिला बाहेरचा चोर क्वचितच नेतो. 'मी योग्य नाहीं' ही ओल आंतून चढते, आणि धन जागच्या जागीं कुजतें.

ह्यावर उपाय काय? तोही पेव उघडणाऱ्यांस ठाऊक आहे. फार दिवस बंद राहिलेलें पेव उघडल्यावर कोणी लगेच आंत उतरत नाहीं. कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून तोंड उघडें ठेवून ती आधीं जाऊं देतात. ज्याच्या मनांत पुष्कळ वर्षे लाज कोंडली आहे त्याच्याशीं त्याच्या माणसानें असेंच वागावें. लगेच उपदेश करूं नये, वाद घालूं नये. त्यानें बोलावें आणि आपण ऐकावें. वसंतसेनेनें चारुदत्ताच्या खोट्यावर व्याख्यान दिलें नाहीं. ती पावसांत भिजत त्याच्या दारीं गेली, एवढेंच. आणि ज्याचें मन कोंडलें आहे त्यानें दार उघडण्याचें तेवढें काम स्वतः करावें. तें दुसऱ्यास करितां येत नाहीं. कर्ज किती आहे तो आंकडा आज रात्रीं जेवणानंतर सांगावा. ताप आला आहे हें सांगावें. भीति वाटते हें सांगावें. चारुदत्तानें हें चौथ्या अंकाच्या आधीं केलें असतें, तर न्यायसभेंत त्याची जीभ अडखळली नसती.

विचार करण्यासाठीं प्रश्न

उपदेशक बंधूंनीं हा पाठ संध्याकाळच्या बैठकींत मोठ्यानें वाचून पुढील प्रश्न विचारावे. नवराबायकोंनीं शक्य तर जवळ जवळ बसून ऐकावें.

१. 'हें घर ठेवीस योग्य नाहीं' असें चारुदत्त म्हणाला. तुम्ही अशा अर्थाचें शेवटचें केव्हां बोललां, आणि कोणास?

२. चारुदत्ताचें मौन व वसंतसेनेचा नकार ह्या दोहोंत निष्ठा कोठें अधिक आहे? कां?

३. धूतेनें रत्नमाला दिली ती आणि ती अग्नीकडे निघाली ती, ह्या दोन कृत्यांत भेद कोणता?

४. आपल्या घरांत सर्वांत शेवटीं कोण जेवतें? तें कोणी ठरविलें?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर बैठकींत मोठ्यानें सांगण्याची गरज नाहीं. घरीं जाऊन ताटें मांडावीं, म्हणजे तें आपोआप दिसेल. आणि ताट एक कमी पडलें तर काय करावें हें आमच्या वाचकांस शिकवावें लागणार नाहीं.